मानसोपचाराच्या नोंदी पेशंटला पोर्टलवर दिसाव्यात का?

घोडबंदरकर:
धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार. ठाण्यात ज्या हॉस्पिटलात त्याचे उपचार चालू आहेत, तिथे पेशंट पोर्टल सुरू झालंय. माझ्या मोबाइलवर टाकून घेतलं. गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट, पुढची तारीख सगळं दिसतं, फक्त डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी नाहीत. आईच्या गुडघ्याच्या मात्र अक्षरन् अक्षर दिसतात. काउंटरवर विचारलं तर म्हणे, "सायकीचं आम्ही दाखवत नाही."

हे चूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २५ : पेशंटला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहायचा हक्क आहे. ती वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल अशी एखादी विशिष्ट माहिती डॉक्टर रोखू शकतात. तशी रोखली तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनीच सांगायचं. अख्ख्या विभागावर पडदा टाकायची मुभा यात कुठे आहे?

निंबोणी (नेरूळ):
मी समुपदेशक आहे, त्यामुळे विरोधी बाजू माझी. सेशननंतर मी वहीत काय लिहिते? "सासरचा विषय निघाला की गप्प होते. हाताला वळ. मारहाण? पुढच्या वेळी एकटीला विचारणे." ही खात्री नाही, शंका आहे. आता हे पोर्टलवर गेलं आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आला तर? नाव नोंदवताना कितीतरी बायका नवऱ्याचाच नंबर देतात, कारण रिचार्ज तो मारतो. कलमं पाठ असून काय उपयोग, पुढच्या वेळी ती बाई येणारच नाही.

घोडबंदरकर:
निंबोणीताई, मग नंबर बदलून घ्या ना! नोंदी कशाला दडपायच्या?

चहात_खारी:
दोघंही एकाच वहीबद्दल बोलत नाही आहात. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांच्या नोंदी पेशंटला इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, विनाकारण न अडवता मिळाव्यात असा नियम आहे. मानसोपचारही त्यात आला. पण थेरपिस्टने संभाषणावर केलेली टिपणं मुख्य फाइलपासून वेगळी ठेवली असतील तर ती त्यातून वगळली आहेत. निदान, औषधं, उपचाराची दिशा मात्र वगळता येत नाही. ताईंची वही कपाटात राहू दे, फाइल उघडा.

वागळे_इस्टेट:
फिनलंड विसरलात? वास्तामो नावाची थेरपीची मोठी कंपनी, डेटा चोरीला गेला. २०२० मध्ये पेशंटना एकेकट्याला ईमेल : पैसे टाका, नाहीतर तुमच्या सेशनमधलं सगळं बाहेर काढतो. पेशंट सुमारे ३३ हजार. चोर सापडला, २०२४ मध्ये शिक्षाही झाली, पण बाहेर गेलेलं परत येतं का? आपल्याकडे सोसायटीच्या गेटवरचं ॲपसुद्धा धड चालत नाही. माझा केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात. तो हॅक करायला घरात शिरावं लागेल.

चहात_खारी:
काका, चोरी झाली ती कंपनीकडे साठवलेल्या नोंदींची. पेशंटला दाखवा किंवा दाखवू नका, कॉम्प्युटरवर त्या असणारच आहेत.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
वर सगळे पेशंटबद्दल बोलताय. मी पेशंट आहे, लिथियमवर (मूड स्थिर ठेवायची गोळी; रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं).

पोर्टलचा तोटा आधी सांगतो. रात्री ब्रेकमध्ये रिपोर्ट आला : लिथियम १.३, लाल अक्षरात, बाजूला बाण. डॉक्टर झोपलेले. मी गूगलवर विषबाधेची लक्षणं वाचत बसलो आणि हात थरथरतोय असं वाटायला लागलं. सकाळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळी घेऊन रक्त दिलंस का?" शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, लॅबवाल्याने विचारलंच नव्हतं. पुन्हा तपासलं, ०.८.

आता फायदा. डिस्चार्ज समरीत लिहिलं होतं, "इन्साइट पार्शियल." म्हणजे मला माझा आजार अर्धाच पटलाय. डोकं फिरलं. पुढच्या व्हिजिटला तो कागद टेबलावर ठेवून भांडलो. डॉक्टर म्हणाले, बरं, सांग, कुठला अर्धा पटलाय? त्या दिवशी जेवढं बोललो तेवढं आधी कधीच बोललो नव्हतो. रिपोर्ट लाल करण्याआधी कुणीतरी फोन करावा, एवढीच माझी अट. दाखवाच.

सानपाडा_मावशी:
तुला जमलं, बाळा. माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. आजार वर असतो तेव्हा डॉक्टर आपल्याविरुद्ध फाइल तयार करताहेत, असंच तिला वाटतं. त्यात तिने "संशयी, सहकार्य नाही" हे वाचलं तर गोळ्या खिडकीबाहेर.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
मावशी, फाइल लपवली की तिचा संशय खराच ठरतो की नाही? आणि "सहकार्य नाही" असं लिहायचंच का? "गोळ्यांनी झोप येते म्हणून नको म्हणाली" असं लिहा. वाचणारी ती आहे हे माहीत असलं की लिहिणाराही नीट लिहितो.

सानपाडा_मावशी:
लिहिणाऱ्याचं पटलं. आजार वर असताना वाचायला द्यावं, हे मात्र अजूनही पटत नाही.

निंबोणी:
यासाठीच कायद्यात रोखायची सोय आहे, तीही त्या त्या माहितीपुरती. हे मला मान्य. @घोडबंदरकर, भाऊ ॲडमिट होता का? असेल तर २०१८ च्या नियमांत फॉर्म ए आहे. प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे लेखी अर्ज द्या, पंधरा दिवसांत मूलभूत नोंदी द्याव्या लागतात. पण एक विचारू? पोर्टल तुमच्या मोबाइलवर आहे म्हणालात. त्याला विचारलंत?

घोडबंदरकर:
ॲडमिट होता, गेल्या पावसाळ्यात. तुमचं वाचून काल विचारलं. त्याला नोंदी बघायच्या आहेत. मला दाखवायच्या नाहीत, म्हणाला. अर्ज त्याच्या सहीने जातोय, पोर्टलला नंबरही त्याचाच. आईला अजून सांगितलेलं नाही.