सीटी झाला, मग पेट कशाला?

कॅन्सरसाठी सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी शरीराच्या आतली चित्रं) झाल्यावर पुन्हा पेट-सीटी स्कॅनचा खर्च कशाला, असं एकाने विचारलंय. मामांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या वेळी आम्हीही हेच विचारलं होतं. सीटीत गाठ केवढी, मानेतल्या ग्रंथी सुजल्यात का हे दिसतं. पण सुजलेली प्रत्येक ग्रंथी कॅन्सरची नसते. पेट स्कॅनमध्ये शिरेत किरणोत्सारी साखर टोचतात; कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात, म्हणून ती जागा चमकते, कॅन्सर फुप्फुसात पसरला असेल तर तिथलीसुद्धा. जंतुसंसर्गही चमकतो म्हणा, म्हणून शंका आली की सुईने तिथल्या पेशी काढून तपासतात.

इंजेक्शननंतर तासभर बोलायचं नाही, नाहीतर स्वरयंत्राचे स्नायूच चमकतात. सदाशिव पेठेतले आमचे मामा आणि तासभर गप्प! शिवाय त्या औषधाची किरणं ११० मिनिटांत निम्मी होतात, म्हणजे उशीर चालत नाही, तेव्हा कर्वे रस्त्यावरची कोंडी धरूनच निघा.