महामारीत गहू-तांदळाने तारलं, मग खाद्यतेलात पूर्ण स्वावलंबन का नको?
(टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांचा वाद)

बांधावरून
१ एप्रिल २०२० ला केंद्राकडे गहू-तांदूळ मिळून सुमारे ५७० लाख टन होते. त्या तारखेला लागणारा किमान साठा २१० लाख टनांचा. म्हणूनच ८० कोटी लोकांना माणशी महिना ५ किलो जादा धान्य फुकट देता आलं. तेलात मात्र निम्म्याहून जास्त माल बाहेरचा. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात अडवली तेव्हा आपली नाडी कुणाच्या हाती आहे ते कळलं. तेलबियांचीही हमीभावाने तशीच खरेदी करा आणि आयात शून्यावर आणा.

तेलघाणा
शून्यावर? हिशोब मांडा. सोयाबीन हेक्टरी साधारण टनभर, तेल १८ टक्के, म्हणजे १८० किलो. २०२०-२१ मध्ये तेलाची आयात होती १३० लाख टनांच्या आसपास. ती सोयाबीनने भरायची तर ७ कोटी हेक्टर हवेत, आणि देशाचं निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १४ कोटी! मग तूर-हरभरा कुठे पेरणार? मोहरी हेक्टरी दुपटीहून जास्त तेल देते, भातानंतर पडीक राहणाऱ्या रानात ओलीवर येते. तिथे जोर लावा. साठा करायचा तर बियांचा करा, मोहरी ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून. तेल खवट होतं.

बारदान
दोघेही शेतातच अडकलात. २०२० मध्ये गाडं अडलं ते पुढे. टाळेबंदीत धान्याच्या गोण्या बनवणाऱ्या बंगालमधल्या ताग गिरण्या बंद पडल्या. ५० किलोची गोणी धरली तर टनाला २०. त्या हंगामात गव्हाची खरेदी ३९० लाख टन, म्हणजे ७८ कोटी गोण्या. शेवटी प्लास्टिकच्या गोण्या चालवून घ्याव्या लागल्या. डाळीचं तेच. साठ्यात अख्खी तूर होती, पण भरडायला मिलमध्ये मजूर नाहीत, न्यायला ट्रक नाहीत. धान्याबरोबर फुकट द्यायची घरटी १ किलो डाळ बऱ्याच ठिकाणी एप्रिलमध्ये पोचलीच नाही. जुलैपासून अख्खा हरभरा दिला, तेच पहिल्या महिन्यात करायला हवं होतं. आणि तेव्हा रेशन कार्ड गावाकडे, मजूर भिवंडीत, अशा माणसाला भरल्या गोदामाचा काय उपयोग झाला?

बांधावरून
बारदान आणि कार्डाचं मान्य. पण तेलघाणा, मोहरी पेरायची कुणी? ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्य केलं. भाव चढला की शुल्क उतरवायचं आणि पडला की शेतकऱ्याने सोसायचं, अशाने पडीक रानात कुणी नांगर घालणार नाही.

तेलघाणा
शुल्काबाबत सहमत. हमीभावाखाली भाव गेला की शुल्क आपोआप चढेल असा नियम करा. पण ७ कोटी हेक्टरचं उत्तर अजून मिळालेलं नाही.