[मंडळ] आई गेली. तिच्या वहीतलं एक पान वाचून हवंय

अश्दोदहून:

शलोम मंडळी, नमस्कार.

माझी आई गेल्या मंगळवारी पहाटे गेली. सात दिवसांची शिवा, म्हणजे सुतक, काल उठली. आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आज भांडी आवरून झाल्यावर पहिल्यांदा निवांत बसले, म्हणून लिहितेय.

तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मेळाव्यात तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यात. बाकीचं फारसं कुणाला माहीत नसेल. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. तिचा जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला, शाळा माझगावची, सर एली कदूरी. १९६१ साली एकविसाव्या वर्षी एकटीच इस्रायलला, दिमोनाला आली आणि कापडगिरणीत लागली. मागाहून तिचे तिघे धाकटे भाऊ आले. एकेकाची नोकरी आणि घर होईपर्यंत ते तिच्याच दोन खोल्यांत राहिले. माझे मामा अजून तिला 'आई' म्हणायचे, 'ताई' नाही.

बाबा मोरोक्कोचे यहुदी. लग्नानंतर पहिल्यांदा आईनं सासरी मटणाचं कालवण केलं, तेव्हा पांढरा रस्सा बघून आजीनं ताट बाजूला सारलं. मटणात दूध! यहुद्यांत दोन्ही एकत्र चालत नाही. आई काही बोलली नाही. उठली, उरलेला नारळ आणला, पायरीवर आपटून फोडला, किसला, फडक्यात घालून आजीच्या समोर पिळला. आजीनं बोट बुडवून चाखलं आणि ताट परत ओढलं. त्या दिवसापासून आमच्या शुक्रवारच्या जेवणात कुसकुस आणि नारळाच्या दुधाचं कालवण शेजारी शेजारी असतं. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, मात्र आईनं कधी वाइन घेतली नाही. आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालायची आणि सकाळी हातानं कुस्करून गाळायची.

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, यहुदी नववर्षाला, चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढायचा, मग नारळाच्या दुधात आटवत बसायचं. ढवळायला घरातला प्रत्येक जण पाळीनं उभा. गेल्या वर्षी हात चालत नव्हता, तरी खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसली होती. पणतीनं ढवळायचं थांबवलं की लगेच म्हणायची, "अगं, तळाला लागेल."

तिची एक वही आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानांवर आई, आजी, पणजी अशी बायकांचीच नावं, जितकी आठवली तितकी. पुढे आमचा जन्म, मामांची लग्नं, नातवंडं, पतवंडं. शेवटची नोंद यंदाच्या पेसाहच्या सणाची, अक्षर थरथरतंय. वहीत एक जुना कागद घडी करून ठेवलाय. अक्षरं मराठी वाटतात पण मला एकही लागत नाही. बहुतेक मोडी असावी. फोटो जोडलाय. कुणाला वाचता येईल का?

बैरशेबाहून:

बाळ, तुझ्या आईचं कळलं. मला आता प्रवास झेपत नाही, नाहीतर शिवाला आलो असतो.

तो कागद मी पाहिलाय. तुझ्या आईबाबांचं लग्न ठरलं आणि नोंदणीला गेल्यावर अडलं. १९६२ साली नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेली होती की बेने इस्राएलाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी व्हायचं असेल, तर आईच्या बाजूच्या जमतील तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. तिनं रात्र जागून ती वही लिहिली. भारतातून येताना तिला आजीनं दिलेला तो कागदही बरोबर नेला. आमच्या पूर्वजांनी गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी शब्बाथ, घाणा बंद, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत. याहून मोठा पुरावा कुठला असतो? समोरच्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि परत दिला.

मग १९६४ च्या उन्हाळ्यात आम्ही जेरुसलेमला धरणं धरलं. तुझी आई गिरणीतून रजा काढून आली होती. बायका पोरांना मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. ती सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायची. १७ ऑगस्टला क्नेसेटनं, इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, इतरांच्या बरोबरीचे. महिनाअखेरीला त्या सूचनेतून आपलं नाव गेलं. सुक्कोतचा सण झाल्यावर तुझ्या आईचं लग्न लागलं. मेंदीला आम्ही रात्रभर गायलो होतो.

रेहोवोतहून:

ताई, मी इथे संशोधनासाठी आहे, मूळचा साताऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी होळीच्या सणाला, तुमच्या पुरीमला, तुमच्या घरी जेवलो होतो. निघताना आजींनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या आणि "आईला फोन कर, उद्या नको, आजच कर" असं बजावलं. मी बसस्टॉपवरूनच केला.

मोडी मी आजोबांकडून शिकलो. कागद वाचला. तेलाचा हिशेब आहे, एका महिन्याचा, रोजचा. खोबरेल आणि तिळाचं, शेर, अच्छेर, पावशेर. बहुतेक गिऱ्हाइकं उधारीवरची. कोळीवाड्यातली तीन घरं आहेत. देवळातल्या नंदादीपाचं तेल दर सोमवारी जायचं, त्यापुढे रक्कम लिहिलेली नाही.

वारांकडे बघा. शुक्रवारी हिशेब दुपारपर्यंतच आहे, मग सरळ रविवार. चारही आठवडे तसंच. शनिवारचा रकानासुद्धा आखलेला नाही.

पूर्ण वाचन टाइप करून वेगळ्या मेलनं पाठवतोय. दोन शब्द लागले नाहीत, तिथे जागा सोडलीय.

अश्दोदहून:

काका, दादा, दोघांचे मेल मामांना मोठ्यानं वाचून दाखवले. थोरल्या मामांनी शनिवारचा भाग पुन्हा वाचायला लावला. कागदाबद्दल आई आम्हाला कधी बोललीच नव्हती. विचारलं तर "आजोबांचं आहे, असू दे" एवढंच म्हणायची.

वहीत आज मी पहिल्यांदा लिहिलं. तिचं नाव, खाली दिवस. माझं मराठी अक्षर लहान पोरासारखं आहे, ती असती तर दुरुस्त करून घेतलं असतं. नोंदीच्या पुढल्या पानावर दादांचं वाचन चिकटवणार आहे.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी घरी प्रार्थना आहे. काका, मोठा भाचा गाडी घेऊन बैरशेबाला येईल, तुम्ही नुसते तयार राहा. रेहोवोतचे दादा, उशीर झाला तर इथेच राहायचं. नारळ कुणी आणू नका, आईनं भरून ठेवलेत.