जमिनीवर ईडीची अटॅचमेंट लागलीय, खरेदी आमची, आता काय करायचं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. बाबांनी २०२१ ला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ३० गुंठे घेतले, खरेदीखत रजिस्टर आहे, पैसे सगळे आरटीजीएसनं दिलेत, म्युटेशन पण झालंय. गेल्या आठवड्यात पीककर्जासाठी आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढला तर ११ नंबर कॉलममध्ये नवीन नोंद, उतारा कन्नडमध्ये आणि बाबांना कन्नड वाचता येत नाही म्हणून शेजारच्या मास्तरांकडनं वाचून घेतलं तर ईडीची जप्ती म्हणे. ज्यानं जमीन विकली त्याच्यावर लोकांच्या ठेवी बुडवल्याची केस आहे हे तेव्हा कळलं. परवा दिल्लीहून इंग्रजीत जाड पाकीट आलंय. ऊस उभा आहे, बाबा नीट जेवेनात. जमीन गेली का आमची?

टिळकवाडी_वकील:
गेलेली नाही, हे आधी बाबांना सांगा. जप्ती वेगळी आणि सरकारजमा वेगळी. ही पीएमएलए २००२ च्या, म्हणजे मनी लाँडरिंग (गुन्ह्याचा पैसा पांढरा करणं) रोखायच्या कायद्याच्या, कलम ५ ची तात्पुरती जप्ती, जास्तीत जास्त १८० दिवसांची, तेवढ्यात दिल्लीच्या अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑथॉरिटीनं (ह्या जप्त्यांवर निर्णय देणारं प्राधिकरण) कायम केली नाही तर आपोआप उठते. सरकारजमा करायचा हुकूम साधारणपणे खटल्यात मनी लाँडरिंग शाबित झाल्यावरच स्पेशल कोर्ट देतं. तोवर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, म्हणजे ह्या जमिनीवर कर्ज मिळणार नाही, पण कलम ५(४) प्रमाणे वहिवाट थांबत नाही. ऊस तोडून कारखान्याला घाला.

पाकीट मात्र उघडून बसा. ती कलम ८ ची नोटीस असणार, उत्तराला कमीत कमी ३० दिवस देतात. उत्तर दिलं नाही तर तुमची बाजू न ऐकताच जप्ती कायम होते, अशी माणसं मी बघितलीत, कागद सगळे घरात आणि तारीख निघून गेलेली.

शहापूरची_ताई:
आमच्या दुकानाचं खातं पोलिसांनी फ्रीज केलेलं, कुणीतरी फसवणुकीतले ४,००० यूपीआयनं टाकलेले. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज दिला, तेवढी रक्कम अडवून बाकी खातं मोकळं झालं. तसं इथं होत नाही का?

टिळकवाडी_वकील:
नाही ताई, तुमचं बीएनएसएस (पूर्वीच्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १०६ खाली, म्हणून मॅजिस्ट्रेट. ह्यांना दिल्लीलाच उत्तर द्यायला लागणार, निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत अपीलेट ट्रिब्युनल, मग हायकोर्ट, आपल्याला धारवाड खंडपीठ.

खानापूरकर:
पण वकीलसाहेब, विकणाऱ्यानं ही जमीन केसच्या कितीतरी आधी घेतलेली, मग ती गुन्ह्याच्या पैशाची कशी?

टिळकवाडी_वकील:
मुद्दा लिहाच, पण त्यावरच विसंबू नका. गुन्ह्याचा पैसा हाती लागला नाही तर तेवढ्या किमतीची दुसरी मालमत्ता पण धरायला कायद्यात वाव आहे. तुमचा खरा आधार म्हणजे बाबा प्रामाणिक खरेदीदार आहेत, विकणाऱ्याशी नातं नाही, भाव बाजाराचा होता, पैसा बँकेतनं गेला. इसारपावती, बँक स्टेटमेंट, तेव्हा काढलेली ईसी (जमिनीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) आणि बाबांकडं पैसा आला कुठनं त्याचे कागद, सगळं जोडा. आणि समजा जप्ती कायम झाली तरी ताबा लगेच सोडायचा नाही, २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की खटला संपायच्या आधी ताबा घेणं हा अपवाद असावा. पाकीट कधी मिळालं ती तारीख कुठं लिहिलीय का?

खानापूरकर:
पाकिटावर शिक्का आहे, बाबांनी पोस्टमनकडं सही केली त्याला आज तिसरा दिवस. ईसी पण सापडली, खरेदीखताच्या फायलीतच होती. उद्या ११ वाजता बाबांना घेऊन कोर्टाच्या आवारात येतो, कागद सगळे आणतो.