मर्यादित शासन : स्वित्झर्लंडचे उदाहरण कितपत खरे?

तटावरून (मूळ लेखन)

शासन लहान आहे की मोठे, यापेक्षा त्याला आखून दिलेली रेषा ते स्वतःच्या सोयीने सरकवू शकते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि या कसोटीवर आजच्या काळात स्वित्झर्लंडइतके चोख उदाहरण मला दिसत नाही. तेथे संघराज्य सरकारला व्यक्तींच्या उत्पन्नावर जास्तीत जास्त 11.5 टक्के कर लावता येतो, हा आकडा थेट राज्यघटनेत आहे. इतकेच काय, हा कर आणि मूल्यवर्धित कर वसूल करण्याचा अधिकारच 2035 च्या अखेरीस संपतो, आणि तो पुढे चालू ठेवायचा तर जनतेचा नव्याने कौल घ्यावा लागतो. खर्चाला लगाम घालणारी तरतूदही 2001 मध्ये सुमारे 85 टक्के मतदारांनी घटनेत घातली आणि 2003 पासून ती लागू आहे. आपला वित्तीय जबाबदारीचा कायदाही 2003 चाच. पण तो साधा कायदा असल्याने केंद्राची तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3 टक्क्यांवर आणण्याची मुदत संसदेत वेळोवेळी पुढे ढकलली गेली. विद्यार्थ्यानेच स्वतःच्या परीक्षेची तारीख ठरवावी, तसला हा प्रकार.

कोरा_कागद

करांचे ठीक आहे, पण मार्च 2023 मधील क्रेडिट स्विस या बुडू लागलेल्या बड्या बँकेचे प्रकरण आपण सोयीस्करपणे वगळले आहे. सरकारने घटनेतील आणीबाणीच्या तरतुदींचा आधार घेऊन वटहुकूम काढला, एका रविवारी संध्याकाळी ती बँक यूबीएस या प्रतिस्पर्धी स्विस बँकेच्या पदरात पडली, भागधारकांना मत देण्याची संधीच मिळाली नाही आणि सुमारे 16 अब्ज फ्रँकच्या रोख्यांची किंमत शून्य झाली. एप्रिलमध्ये कनिष्ठ सभागृहाने या व्यवहारासाठीच्या 109 अब्ज फ्रँकच्या सरकारी हमीला नकार दिला खरा, परंतु खासदारांच्या एका छोट्या वित्त मंडळाने मंजुरी आधीच देऊन टाकल्यामुळे त्या नकाराला कायदेशीर अर्थ उरला नव्हता.

तटावरून

संकटकाळात प्रत्येक शासन हातपाय पसरते, हे मी नाकारत नाही. मात्र 100 दिवसांत 50,000 सह्या जमवून संसदेचा कायदा जनतेपुढे ओढून आणण्याची सोय तेथे आहे, आणि कोविडचा कायदा याच मार्गाने 2021 ते 2023 या काळात तीनदा मतदानाला गेला. तिन्ही वेळा तो मंजूर झाला, ही गोष्ट वेगळी; विचारावे तर लागले.

सुपारी_अडकित्ता

जनता म्हणजे काटकसर, हे समीकरण मला पटत नाही. मार्च 2024 मध्ये याच मतदारांनी निवृत्तिवेतनाचा तेरावा हप्ता 58 टक्के मतांनी मंजूर केला, तेव्हा पैसा कोठून आणायचा हे ठरलेलेच नव्हते. फुकट ते पौष्टिक हा नियम आल्प्स पर्वतातही चालतो.

तटावरून

सर्वांना सहा आठवडे पगारी रजा देण्याचा प्रस्ताव 2012 मध्ये त्यांनीच दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला होता, हेही त्या नियमासोबत नोंदवून ठेवावे.

वाळवंट_चंद्रभागा

आपण तिघेही पैशाभोवतीच फिरत आहात. शासनावर मर्यादा हवी ती मुख्यतः नागरिकाच्या हक्कांसाठी, आणि तेथे स्विस घटना उणी पडते. कलम 190 नुसार संसदेचा कायदा घटनेशी विसंगत वाटला, तरी सर्वोच्च न्यायालयाला तो लागू करावाच लागतो. अ‍ॅपेनझेल इनररोडन या कँटनमधील (घटकराज्यातील) पुरुषांनी 1990 मध्येही स्त्रियांना मताधिकार नाकारला, तेव्हा न्यायालयाने तो मिळवून दिला. पण हे शक्य झाले ते प्रकरण कँटनचे होते म्हणून. याउलट केशवानंद भारती खटल्यात 1973 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, 7 विरुद्ध 6 अशा निसटत्या बहुमताने का होईना, संसदेच्या घटनादुरुस्तीलाही सीमा आखून दिली. स्विस मतदारांनी 2009 मध्ये 57 टक्के मतांनी नव्या मिनारांवर बंदी घातली आणि ती आजही घटनेत आहे. सरकार आणि संसद दोघांनीही त्या प्रस्तावाला विरोध केला होता. म्हणजे येथे रेषा सरकवली ती शासनाने नव्हे, बहुसंख्य मतदारांनी. ही बंदी आपण आपल्या कसोटीत कोठे बसवणार?