'पार्टी लाईन'ला मराठीत काय म्हणायचं?

पारिजात: आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना 'पिलो टॉक' (१९५९) दाखवायचाय. 'के सरा सरा' गाणाऱ्या डॉरिस डेचा खुसखुशीत सिनेमा. मराठी उपशीर्षकं करताना पहिल्याच गाठीला अडलेय. जॅन आणि ब्रॅड एकमेकांना ओळखतही नाहीत, पण दोघांना फोनची लाईन एकच, म्हणजे 'पार्टी लाईन'. जॅननं कामासाठी रिसीव्हर उचलावा, तर ब्रॅड कुणा मुलीला गाणं ऐकवतोय. गाणं दर वेळी तेच, मुलीचं नाव तेवढं बदललेलं! मी 'सामाईक लाईन' लिहिलं. मैत्रीण म्हणते, सामाईक म्हटलं की विहीर आणि बांध डोळ्यांसमोर येतात.

रानवाट: मग तोच शब्द हवा! आमच्या सामाईक विहिरीवर सातबाऱ्यात सहा नावं. पाण्याच्या पाळीवरून दोन चुलत्यांनी बोलणं टाकलंय. जॅन-ब्रॅडचं भांडणही पाळीचंच की.

बोरू: शब्द 'सामायिक' आहे. 'सामाईक' ही बोलण्यातली झीज.

रानवाट: आमच्या आज्यापासून सगळे सामाईकच म्हणत आलेत. झीज कसली? रुळलाय तो शब्द.

कैरी: आम्हा जैनांकडे सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं समभावानं बसणं. आजी सामायिकात असली की फोन वाजून वाजून थांबायचा, ती हलायची नाही. 'सामायिक लाईन' वाचलं की मला तीच दिसणार.

बोरू: कैरीताई, सुंदर! दोन्हींच्या मुळाशी 'सम' असावा असं मला फार दिवस वाटतंय. सगळ्यांना सारखं, आणि मनही सारखं.

दिवेलागण: ताई, सरळ 'पार्टी लाईन' ठेवा. रिसीव्हर, डायल, ट्रंक कॉल आपण तसेच घेतले ना?

बोरू: आणि वाचणाऱ्याला पक्षाची अधिकृत भूमिका वाटली तर?

पारिजात: तीच भीती आहे. 'क्रॉस कनेक्शन'ही लिहून पाहिलं. पण ते चुकून लागतं, हे कायमचं गळ्यात पडलेलं. जॅन तक्रार करते तर कंपनी तपासायला एका बाईंना पाठवते, आणि त्याच ब्रॅडवर भाळतात!

दिवेलागण: मग पीपी म्हणा. ज्येष्ठांना लगेच कळेल.

रानवाट: पीपी म्हणजे शेजाऱ्यांचा नंबर. लाईन एक नव्हे, फोनच एक, तोही दुसऱ्याच्या घरात.

दिवेलागण: पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ट्रंक कॉल लावताना सांगायचे, अमुकच माणूस हवा.

कैरी: आमचे बाबा 'पडोशी फोन' सांगायचे. लग्नपत्रिकेवर नंबरापुढे कंसात छापलेलं असायचं.

बोरू: 'पडोशी' मराठीत कुठून आला? आपला 'शेजारी' आहे ना.

पारिजात: अहो, माझं दोन टबांचं दृश्य राहिलंय. पडदा मधोमध दुभागलेला, दोघं आपापल्या घरी आंघोळीच्या टबात, फोनवर गप्पा, आणि पायांचे तळवे मधल्या रेषेला दोन्हीकडून टेकलेले. तिथं दोन ओळींत बसेल असं सांगा कुणीतरी.

रानवाट: सांगतो. पण आधी पीपीचं. आमच्याकडे निरोप घेऊन शेजाऱ्यांचा मुलगा धावत यायचा, 'काकू, फोन!' आणि आई ओले हात पदराला पुसत जिना उतरायची. पर्टिक्युलर पर्सन तिथं कुणाला ठाऊक होतं?