पितळेच्या पातेल्यात आमटी केली तर चालते का?

सानिका_के: सासूबाईंनी माळ्यावरची पितळेची दोन पातेली आणि परात काढून दिलीये, चांगली जाडजूड आहेत पण आतून पिवळीच दिसतात म्हणजे कल्हई उडालेली असणार. रोजची आमटी, कढी केली तर चालेल का? आणि खरं पितळ आहे की लोखंडावर मुलामा हे घरी कसं कळेल?

लेथवाला: लोहचुंबक लावून बघा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे. भांडी मस्त असतात ही, स्टीलपेक्षा सात-आठ पट चांगली उष्णता पसरवतात त्यामुळे खीर, भात खाली लागत नाही. फक्त शोभेच्या ओतीव वस्तूत शिजवू नका. आम्ही लेथवर जो पितळी रॉड घेतो त्यात 2-3 टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं, कातताना चुरा बारीक पडतो म्हणून, ते नळ आणि व्हॉल्व्हसाठी ठीक आहे, खाण्यासाठी नाही.

माजघर: सानिका, कल्हई केल्याशिवाय आमटी अजिबात नको गं! चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो काहीही आंबट घातलं की तांबं-जस्त त्यात उतरतं आणि पदार्थ कळकतो, हिरवट होतो, खाल्लं तर मळमळ, उलट्या. परातीत कणीक मळायला काही हरकत नाही, पण मळून झाली की लगेच काढून ठेव.

सानिका_के: कल्हईवाले दारावर येतच नाहीत आता, कुठे करून मिळेल? पुण्यात आहे मी.

माजघर: मग कसब्यात तांबट आळीत जाऊन चौकशी कर. आणि समोर उभी राहून करून घे, भांडं तापवून नवसागर टाकून कापसाने पुसतात, मग कथील फिरवतात, तेव्हा विचार की कथील शुद्ध आहे ना, स्वस्त पडतं म्हणून काही जण शिसं मिसळतात. झाल्यावर रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, कथील 232 अंशांनाच वितळतं. फोडणी वेगळ्या कढल्यात कर आणि वरून ओत. तारेची घासणी आतून लावू नकोस, बाहेरून चिंच-मीठ चालेल पण लगेच धुऊन कोरडं पुसायचं नाहीतर डाग पडतात. कढी मात्र कल्हई असली तरी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची.

लेथवाला: आणि आत कुठे पिवळं डोकावायला लागलं की परत कल्हई, तोवर त्यात नुसतं पाणी तापवा.